अपुऱ्या देहाचे शिल्प

मध्ययुगातील खंड सोडला, तर युरोपीय शिल्पकलेचा मुख्य विषय सुमारे अडीच हजार वर्षे मनुष्यदेह हाच होता, आणि तो कसा घडवावा याचे नियम ग्रीक शिल्पकारांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच बांधून ठेवले होते. पॉलिक्लायटॉस या शिल्पकाराने अवयवांची परस्परप्रमाणे ठरवून दिली. एका पायावर भार देऊन दुसरा सैल सोडायचा, म्हणजे कंबर आणि खांदे विरुद्ध दिशांना कलतात आणि स्थिर दगडात हालचालीचा भास निर्माण होतो, ही उभे राहण्याची ढबही त्याच्याच काळात पक्की झाली. रोमन नकलांच्या वाटेने हे संचित रेनेसाँसच्या शिल्पकारांपर्यंत पोहोचले आणि एकोणिसाव्या शतकातील कलाशाळांनी त्याचे अभ्यासक्रमात रूपांतर केले. विद्यार्थ्याने आधी प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरमधील प्रतिकृतींवरून रेखाटन करायचे, मग जिवंत मॉडेलवरून मातीकाम शिकायचे, आणि शेवटी पुराणकथेतील किंवा इतिहासातील एखादा प्रसंग निर्दोष, गुळगुळीत आणि सर्वांगपूर्ण देहांतून उभा करायचा, असा तो क्रम होता. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतही हीच पद्धत आली. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थीदशेत, १८९६ साली, घडवलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे प्लास्टरमधील शिल्प त्या शिक्षणाचे भारतातील सर्वांत सुंदर फळ मानावे लागेल. वस्त्राच्या चुण्यांतून जाणवणारा देहाचा डौल आणि चालीतील संथपणा यांमुळे आजही ते पाहणाऱ्याला खिळवून ठेवते.

त्याच दशकात पॅरिसमध्ये मात्र ही पद्धत आतून उसवू लागली होती. सुमारे १८८० ते १९६० या काळात कलेने दृश्य जगाच्या हुबेहूब चित्रणाशी असलेले आपले नाते तपासून पाहिले आणि माध्यम, आकार व रचना यांना स्वतंत्र अर्थ दिला. या सर्व चळवळींना मिळून आधुनिकतावाद म्हणतात. चित्रकलेत त्याची परिणती लवकरच संपूर्ण अमूर्ततेत झाली, म्हणजे ओळखीची वस्तूच चित्रातून नाहीशी झाली. शिल्पकलेने मनुष्याला इतक्या सहज निरोप दिला नाही. तिने त्याच्या देहातून एकेक गोष्ट काढून घेतली, कधी डोके, कधी हात, कधी त्वचेचा गुळगुळीतपणा, कधी चौथरा, तर कधी खुद्द मांसाचा भरीवपणा. आणि प्रत्येक वेळी उरलेल्या आकारात माणूस शिल्लक राहतो का, हे तपासले. आधुनिक शिल्पाचा इतिहास हा या वजाबाकीचा इतिहास आहे, असे म्हटल्यास ते फारसे चुकणार नाही.

या वजाबाकीचा आरंभ ऑग्युस्त रोदँ (१८४०–१९१७) याने केला, हे विशेष आहे, कारण हुबेहूब देह घडवण्यात त्याच्या तोडीचा शिल्पकार त्या काळात क्वचितच असेल. ‘कांस्ययुग’ हा त्याचा नग्न तरुणाचा पुतळा १८७७ साली ब्रुसेल्समध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये मांडला गेला, तेव्हा त्याने जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा काढला असावा, असा आरोप झाला. मॉडेल म्हणून उभ्या राहिलेल्या बेल्जियन सैनिकाची छायाचित्रे आणि सहकारी शिल्पकारांच्या साक्षी यांच्या आधारे रोदँने तो खोडून काढला आणि १८८० साली फ्रेंच शासनाने पुतळा विकत घेतला. पुढे मात्र त्याचे लक्ष देहाच्या पूर्णतेवरून देहाच्या तुकड्यांकडे वळले. म्योदाँ येथील त्याच्या कार्यशाळेत प्लास्टरमध्ये ओतलेले हात, पाय, मस्तके आणि धडे यांचा मोठा साठा असे. त्यातील भाग तो पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या प्रकारे जोडून पाही. ‘नरकाचे द्वार’ या १८८० साली हाती घेतलेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या महाशिल्पाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या तीन छाया म्हणजे एकाच पुतळ्याच्या तीन प्रती असून त्या केवळ निरनिराळ्या कोनांत वळवून ठेवलेल्या आहेत. देह म्हणजे अखंड आणि एकमेव अशी वस्तू, ही समजूत येथे प्रथमच ढासळली.

या विचाराची सर्वांत धीट परिणती ‘चालणारा माणूस’ या शिल्पात झाली. संत जॉनच्या पुतळ्यासाठी केलेल्या अभ्यासातील पाय आणि एक वेगळे, जुने धड एकत्र जोडून ते तयार झाले आणि १९०७ साली माणसाच्या उंचीहून मोठ्या आकारात प्रदर्शित झाले. त्याला डोके नाही आणि हातही नाहीत. धडावर मातीच्या भेगा, खरवडीच्या खुणा आणि न बुजवलेले खड्डे जसेच्या तसे ठेवलेले आहेत, आणि कमरेपाशी धड व पाय जेथे सांधले आहेत तो जोडही झाकलेला नाही. जवळून पाहिल्यास आणखी एक गोष्ट लक्षात येते. चालताना पुढचे पाऊल टेकते तेव्हा मागच्या पावलाची टाच उचललेली असते. या पुतळ्याची मात्र दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकलेली आहेत. म्हणजे पाऊल उचलण्यापूर्वीचा क्षण आणि पाऊल टाकल्यानंतरचा क्षण असे दोन क्षण एकाच देहात साठवलेले आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही चाल अशक्य आहे, तरीही पाहणाऱ्याला जी जाणवते ती चालच. चेहरा नसल्यामुळे हा कोण, कोठे निघाला, त्याच्या मनात काय आहे, हे प्रश्नच उद्भवत नाहीत आणि सगळा अर्थ मांड्या, पोटऱ्या व धडाच्या झुकावात येऊन एकवटतो. प्राचीन पुतळे काळाच्या ओघात भंगले म्हणून त्यांचे हात गेले होते. रोदँने अपुरेपणा हाच शिल्पाचा पूर्ण आणि हेतुपुरस्सर आकार ठरवला. पुढच्या पिढीला सर्वांत मोठी मोकळीक मिळाली ती येथूनच.

चौथऱ्याचा प्रश्नही त्यानेच उभा केला. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३४७ साली कॅले शहर वेढून जेरीस आणले, तेव्हा गळ्यात दोर अडकवून आणि शहराच्या किल्ल्या घेऊन शरण जाणाऱ्या सहा नागरिकांचे स्मारक त्या शहराला हवे होते. उंचावर उभा असलेला एखादा धीरोदात्त नायक अपेक्षित असताना रोदँने सहाही जणांना एकाच पातळीवर, जडावलेल्या पावलांनी, प्रत्येकाला आपापल्या भीतीत बुडालेले असे दाखवले आणि ते रस्त्यावरच्या माणसांच्या पातळीवर असावेत असे सुचवले. शहराने १८९५ साली ते उंच चौथऱ्यावर बसवले. त्यांना खाली आणण्याचे काम रोदँच्या मृत्यूनंतर, १९२४ साली झाले. कादंबरीकार बाल्झाकच्या स्मारकाबाबत वाद त्याहून तीव्र झाला. रोदँने अनेक वर्षे अभ्यास करून बाल्झाकचा देह अंगभर झग्याखाली जवळजवळ लपवला, वर केवळ खडबडीत, मागे फेकलेले मस्तक ठेवले, आणि १८९८ साली ते प्लास्टर प्रदर्शित होताच लेखकांच्या ज्या संस्थेने ते काम सोपवले होते तिने ते नाकारले. पॅरिसच्या रस्त्यावर हा पुतळा ब्राँझमध्ये उभा राहिला तो १९३९ साली. स्मारकाने व्यक्तीची ओळख पटवायची की तिच्या सामर्थ्याचा प्रत्यय द्यायचा, हा त्या वादाचा गाभा होता.

रोदँ मातीचा शिल्पकार होता. त्याची संगमरवरी शिल्पे प्रत्यक्षात कुशल कारागीर कोरत, कारण त्या काळची रीतच तशी होती: शिल्पकार मातीत नमुना घडवी, त्यावरून प्लास्टर ओतले जाई आणि मोजमापाच्या यंत्राने त्यावरील बिंदू दगडावर उतरवून घेत कारागीर ते कोरून काढीत. रुमानियातील होबित्सा या खेड्यातून आलेल्या कॉन्स्तांतिन ब्रांकुशी (१८७६–१९५७) याने १९०७ साली काही काळ रोदँच्या कार्यशाळेत काम केले, लवकरच ते सोडले आणि थेट दगडात छिन्नी चालवण्याचा मार्ग धरला. थेट कोरीवकाम म्हणजे आधी नमुना न करता दगडाशी किंवा लाकडाशी प्रत्यक्ष भिडणे. त्यात दगडाचा कणखरपणा, त्याचा मूळ ठोकळा आणि लाकडाचे तंतू हे सगळे शिल्पाच्या आकारात आपला वाटा मागतात. १९०७-०८ मधील ‘चुंबन’ हे त्याचे शिल्प रोदँच्या त्याच विषयावरील प्रसिद्ध संगमरवरी युगुलाशेजारी मनात ठेवून पाहावे. रोदँच्या शिल्पात दोन तरुण देहांची वळणे, स्नायू आणि त्वचेची कोवळीक आहे. ब्रांकुशीच्या शिल्पात एकच चौकोनी दगड असून त्यात मधोमध एक रेघ आहे, उथळ उठावात कोरलेले हात एकमेकांभोवती गुंफलेले आहेत आणि दोघांचे अर्धे अर्धे डोळे मिळून एकच डोळा झाला आहे. येथे प्रेमाचे वर्णन नाही. दोन देह एकाच दगडातून निघालेले आणि अजून त्याच्यातच आहेत, ही वस्तुस्थितीच प्रेमाच्या जागी आली आहे.

यानंतर ब्रांकुशी आकार अधिकाधिक गाळत गेला. १९१० सालच्या ‘निद्रिस्त म्यूझ’मध्ये (म्यूझ म्हणजे ग्रीक कलादेवतांपैकी एक) उरले आहे ते केवळ आडवे पडलेले, मानेपासून सुटे, अंडाकृती मस्तक, ज्यावर नाकाची धार आणि पापण्यांची पुसट रेघ एवढीच चेहऱ्याची खूण आहे. या गाळण्याला काही जण थंडपणा समजतात. तो आरोप पटण्यासारखा नाही. घासून घासून आरशासारख्या केलेल्या त्या ब्राँझवर पडणारा प्रकाश पाहणारा हलला की हलतो, आणि झोपेत असलेल्या चेहऱ्यावर श्वासाबरोबर जी सूक्ष्म हालचाल होते तिची जाणीव त्यातून होते.

ब्रांकुशीच्या या शोधाचा मराठी इतिहासाशी एक खरा धागा जुळलेला आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी त्याची ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे, एक ब्राँझचे, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवरातील, संपादन केली आणि त्यांच्यासाठी इंदूरमध्ये ध्यानमंदिर बांधण्याची योजना आखली. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी त्यासाठी इंदूरलाही येऊन गेला, परंतु ते मंदिर कधीच बांधले गेले नाही. त्याच मंदिराच्या संदर्भात ज्याचे नाव घेतले जाते ते ‘राजाधिराज’ हे ओक लाकडातील, जवळपास तीन मीटर उंचीचे शिल्प आता न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. एकावर एक रचलेल्या, करवतीने आणि पटाशीने उघड उघड कापलेल्या भागांतून उभा राहिलेला तो पुरुष आहे. त्याचे मस्तक मुकुटासारखे आणि मधला भाग मळसूत्री दांड्यासारखा आहे. मनुष्यदेहाचा एकही अवयव त्यात नीटसा नसताना त्याच्यासमोर कोणीतरी ताठ उभे आहे याविषयी शंका राहत नाही. ते मंदिर उभे राहिले असते, तर आधुनिक शिल्पकलेतील एक मोठे स्थान भारतात असते, ही रुखरुख अस्थानी नाही.

या काळात युरोपीय शिल्पकारांनी आफ्रिकेतील मूर्ती पाहिल्या, हेही परिवर्तनाचे मोठे कारण होते. वसाहतींमधून आणलेल्या या मूर्ती पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात ठेवलेल्या होत्या आणि पिकासोने १९०७ साली त्या तेथे पाहिल्या. मोठे डोके, आखूड पाय, सुळक्यासारखे नाक अशी त्यांची प्रमाणे निसर्गाशी जुळत नव्हती, पण त्यांमागे स्वतःचा पक्का हिशेब होता. त्यांचा धार्मिक अर्थ जाणून घेण्याची तसदी युरोपातील कलावंतांनी फारशी घेतली नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. त्यांनी घेतली ती आकाराची मुभा. घनवादाने, म्हणजे वस्तूला अनेक बाजूंनी एकाच वेळी पाहून तिचे कोनाकृती पैलू मांडणाऱ्या पंथाने, ती मुभा पुढे नेली. किव्ह येथे जन्मलेल्या आर्किपेंकोने केस विंचरणाऱ्या स्त्रीच्या शिल्पात चेहऱ्याच्या जागी सरळ पोकळी ठेवली. इटलीच्या उंबेर्तो बोच्चोनीने १९१३ साली धावत्या गतीने हवेत ओढल्या गेलेल्या, ज्वाळांसारख्या पृष्ठभागांचा हातविरहित माणूस प्लास्टरमध्ये घडवला. तो ब्राँझमध्ये ओतला गेला तेव्हा बोच्चोनी हयात नव्हता. इटलीच्या वीस सेंटच्या युरो नाण्यावर आज हाच माणूस आहे.

पोकळीला अर्थ देण्याचे काम इंग्लंडमध्ये बार्बरा हेपवर्थ आणि हेन्री मूर यांनी पूर्णत्वास नेले. यॉर्कशरमधील खाणकामगाराचा मुलगा असलेल्या मूरने मेक्सिकोतील चाकमूल या, पाठीवर रेलून मान वळवलेल्या पाषाणमूर्तीपासून प्रेरणा घेऊन १९२९ साली पहुडलेल्या स्त्रीचे तपकिरी दगडातील शिल्प कोरले आणि त्यानंतर आयुष्यभर तो त्याच विषयाकडे परतत राहिला. १९३० च्या दशकात त्याने या देहाला आरपार भोके पाडली. छातीखालून पलीकडचे आकाश किंवा गवत दिसू लागले की देह आणि भूभाग यांच्यातील सीमा पुसट होते, गुडघे टेकड्यांसारखे आणि बरगड्या गुहेसारख्या भासू लागतात. भोक म्हणजे दगडाचा अभाव नसून त्यालाही आकार, खोली आणि वजन असते, ही मूरने शिकवलेली गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा नवेपणा मुद्दाम आठवावा लागतो.

हे सारे केवळ आकाराचे प्रयोग राहिले असते, तर त्यांचे महत्त्व कलाशाळेपुरतेच उरले असते. दोन महायुद्धांनी त्यांना वेगळेच वजन दिले. जर्मन शिल्पकार विल्हेल्म लेमब्रुक याने बर्लिनच्या लष्करी रुग्णालयात परिचारकाचे काम केले होते. १९१५-१६ मध्ये त्याने घडवलेला ‘कोसळलेला’ हा नग्न, अतिशय लांब हातापायांचा पुरुष गुडघ्यांवर आणि कोपरांवर येऊन कपाळ जमिनीला टेकवतो आणि त्याच्या मुठीत तुटक्या तलवारीचा अंश आहे. युद्धस्मारकाचा विजयी वीर येथे उलटा झाला आहे. लेमब्रुकने १९१९ साली आत्महत्या केली. पुढे १९३७ च्या जुलै महिन्यात म्युनिकमध्ये नाझी राजवटीने एका दिवसाच्या अंतराने दोन प्रदर्शने उघडली. एकात राजमान्य कलावंतांच्या पिळदार, निर्दोष, ग्रीक वळणाच्या देहांना मान होता. दुसरे ‘अधःपतित कला’ या नावाचे होते आणि त्यात लेमब्रुकची ‘गुडघे टेकलेली स्त्री’ लोकांच्या टवाळीसाठी मांडलेली होती. त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ऑटो फ्रॉइंडलिश या ज्यू वंशाच्या जर्मन शिल्पकाराने १९१२ साली घडवलेल्या ओबडधोबड, भव्य मस्तकाचे छायाचित्र होते. स्वतः फ्रॉइंडलिश १९४३ साली पोलंडमधील मृत्युछावणीत मारला गेला. अभिजात देहाचा काही दोष नव्हता, आणि त्याचे सौंदर्य कोणत्याही राजवटीच्या मालकीचे नाही. पण ज्यांनी माणसांची वर्गवारी करून त्यांना मारले त्यांना असाच निर्दोष देह हवा होता आणि भंगलेला, अपुरा, वेडावाकडा देह त्यांना सहन होत नव्हता, हे कळल्यावर आधुनिक शिल्पातील वजाबाकीकडे केवळ शैली म्हणून पाहणे शक्य राहत नाही.

महायुद्धानंतर हा प्रश्न सर्वांत खोलवर नेला तो आल्बेर्तो जाकोमेत्ती (१९०१–१९६६) याने. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेला हा शिल्पकार आधी अतिवास्तववादी गटात, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनातील प्रतिमांना कलेचा स्रोत मानणाऱ्या कलावंतांत होता. १९३५ च्या सुमारास त्याने समोर मॉडेल बसवून पुन्हा मस्तक घडवायला घेतले आणि गटाने त्याला दूर केले. डोळ्यांना माणूस जसा दिसतो तसा घडवायचा, एवढाच त्याचा हट्ट होता, परंतु दूर उभा असलेला माणूस दिसतो तो लहान, म्हणून त्याचे पुतळे लहान होत गेले. युद्धकाळात जिनिव्हामध्ये केलेले कित्येक पुतळे बोटाएवढे होते. पुढे त्याने उंची राखण्याचा निश्चय केला, तेव्हा ते उंच झाले पण कृश होत गेले. तारेच्या सांगाड्यावर माती लावायची, बोटांनी चिमटत आणि सुरीने खरवडत ती काढून घ्यायची, पुन्हा लावायची, आणि समाधान न झाल्यास सगळे मोडून टाकायचे, अशी त्याची रीत होती. १९५६ च्या व्हेनिस येथील प्रदर्शनासाठी तो मातीची एकच स्त्री-आकृती सतत बदलत होता आणि मधल्या अवस्थांचे प्लास्टर त्याचा भाऊ दिएगो काढून घेत होता. ‘व्हेनिसच्या स्त्रिया’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या आकृती म्हणजे त्या एकाच शोधाचे टप्पे होत.

१९६० सालचा त्याचा ‘चालणारा माणूस’ सुमारे १८३ सेंटिमीटर उंच, म्हणजे खऱ्या माणसाएवढाच आहे. शरीर पुढे झुकलेले असून हात अंगालगत लोंबतात, मस्तक लहान आहे, त्वचेच्या जागी बोटांच्या ठशांनी खडबडीत झालेले ब्राँझ आहे, आणि या काडीसारख्या देहाला पावले मात्र प्रचंड, जमिनीला चिकटून बसलेली दिली आहेत. मागचे पाऊल उचलण्यासाठी त्याला जो जोर लावावा लागत असेल तो पाहणाऱ्याच्या पोटऱ्यांत जाणवतो. रोदँच्या चालणाऱ्या माणसाकडे चेहरा नव्हता, पण पुरेपूर बळ होते. जाकोमेत्तीच्या माणसाचे बळ गेले आहे, चेहरा आणि नजर परत आली आहे, आणि चालणे टिकून आहे.

भारतात या परिवर्तनाला स्वतःचे रूप दिले ते रामकिंकर बैज यांनी. १९३८ साली शांतिनिकेतनात उघड्यावर उभारलेले त्यांचे ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प सिमेंट आणि जांभ्या दगडाची खडी यांचे आहे, कारण ब्राँझ परवडणारे नव्हते. परंतु गरजेपोटी निवडलेल्या या माध्यमानेच देहांना त्या परिसरातील तांबड्या मातीचा पोत दिला. कावडीच्या पारड्यात मूल घेऊन निघालेला पुरुष, डोक्यावर संसार आणि कडेवर लेकरू घेतलेली स्त्री, बरोबर कुत्रा, अशी ही रोजगाराच्या शोधातील माणसे राजाराणीच्या आकारात, पण जवळजवळ जमिनीच्याच पातळीवर उभी आहेत. मुंबईत स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आदी दाविएरवाला आणि पिलू पोचखानवाला यांनी लाकूड व धातू यांतून देहाचा आशय अमूर्ताच्या दिशेने नेला. महाराष्ट्रातील चौकांमध्ये मात्र पूर्णाकृती आणि अश्वारूढ पुतळ्यांचीच परंपरा चालू राहिली, आणि तिच्यात विनायकराव करमरकरांच्या पुण्यातील १९२८ सालच्या शिवस्मारकासारखे अस्सल कौशल्याचे नमुने आहेत. अशा पुतळ्याकडून समाज आधी चेहऱ्याची ओळख मागतो, आणि ती मागणी गैर नाही. परंतु बाल्झाकच्या पुतळ्याने उभा केलेला प्रश्न, म्हणजे व्यक्तीचे नाक-डोळे जुळवले की तिचे सामर्थ्य उतरले असे मानायचे का, हा आपल्याकडच्या स्मारक समित्यांनी अजून गांभीर्याने हाती घेतलेला दिसत नाही, आणि तो घेण्याइतके जाणकार शिल्पकार महाराष्ट्रात आहेत.